पाठीवर सूर्य, समोर दर्या

दिवाळी अंकांची आणि कॅलेंडरांची कामं सुरू झाली की एक मागणी हमखास येते. "कोकणातला सूर्योदय हवा. समुद्रातून सूर्य वर येतानाचा." मागणारी माणसं कोकणावर मनापासून प्रेम करणारी असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर क्षितिजाला टेकलेला तांबडा गोळा असतो आणि त्याच्या आड आलेली एखादी होडी. मग सांगावं लागतं, की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. इथे सूर्य उगवतो तो सह्याद्रीमागून, गावामागच्या डोंगरावरून, माडांच्या शेंड्यांमधून. खुल्या समुद्राच्या क्षितिजावर तो दिसतो फक्त मावळताना. तरीही कोकणातला सूर्यास्त 'रम्य सूर्योदय' म्हणून बिनदिक्कत छापला जातो.

हर्णैच्या एका तांडेलांच्या घरी असंच एक कॅलेंडर भिंतीवर होतं. त्यांनी चित्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे संध्याकाळचं आहे." मला वाटलं, सूर्य समुद्रावर आहे म्हणून म्हणत असतील. त्यांनी दाखवलं ते होड्यांवरच्या झेंड्यांकडे. "झेंडे कुठं उडतायत बघा. गावाकडं. म्हणजे वारा दर्यावरून येतोय, खारा वारा. पाऊस सरला की पहाटे मतलई असतो. तेव्हा झेंडा दर्याकडं जातो. सूर्य पुसून टाकलात तरी मी संध्याकाळच म्हणेन."

दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो. शाळेच्या भूगोलात हे सगळेच शिकतो. पण फोटोतल्या एका फडक्यावरून दिवसाची वेळ सांगायला रोज त्या वाऱ्यावर होडी लोटलेली असावी लागते. किनाऱ्यावरच्या सूर्योदयाचे फोटो काढताना मला कळत गेलं ते असं: कोकणात पहाटेचा फोटो काढायचा तर सूर्याकडे पाठ करायची, आणि समोर काय घडणार हे तिथल्या माणसांना विचारायचं. पुढचे किस्से त्या विचारण्याचे आहेत.

पाणी हवंय की वाळू?

याच तांडेलांना एकदा हर्णैसमोरच्या जलदुर्गाबद्दल विचारलं, "सुवर्णदुर्गाचा पहाटेचा फोटो काढायचाय, कधी येऊ?" मी महिना कोणता ते सांगतील अशा अपेक्षेत होतो. त्यांनी उलट विचारलं, "उजाडताना तुम्हाला पाणी हवंय की वाळू? ते आधी सांगा, मग तिथी सांगतो."

त्यांचं गणित बोटांवरचं होतं आणि किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती. ही वेळ ढोबळ असते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला पाणी आधी चढतं, मुंबईला नंतर. पण कॅमेरा घेऊन किती वाजता वाळूवर उतरायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

आता हे गणित पहाटेला लावून बघा. अष्टमीला सूर्य उगवण्याच्या सुमारास भरती पूर्ण असते. पण ती भांगाची भरती, जोर नसलेली. खडक पाण्याखाली आणि पाणी शांत. होड्या नुसत्या डोलत असतात. पौर्णिमेला आणि अमावस्येला नेमकं उलट. पहाटेपर्यंत पाणी पार आत गेलेलं, आणि उधाणाचे दिवस असल्याने सुकतीही सर्वांत खोल. ओली वाळू लांबवर पसरलेली. वाळूवर रेघा. खडकांच्या बेचक्यांत साचलेलं पाणी, त्यात आकाश. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढ-उतार चार मीटरच्याही पुढे जाते, म्हणून तिकडे किनारा अक्षरशः बदलून जातो. मालवण-गोव्याकडे हा फरक जवळपास निम्म्यावर येतो.

पौर्णिमेला याहून मोठी गोष्ट घडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य उगवायच्या वेळी तो मावळतो. आपल्या किनाऱ्यावर तो थेट समुद्रात मावळतो. खोल सुकती, मावळता पूर्णचंद्र आणि पाठीमागून येणारा पहिला उजेड हे तिन्ही योग एकाच पहाटे जुळतात, आणि महिन्यातून एकदा हमखास जुळतात. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या फोटोग्राफरला समुद्रातून उगवणारा सूर्य मिळतो. पौर्णिमेच्या पहाटे समुद्रात उतरणारा चंद्र मात्र आपल्याच वाट्याला येतो.

सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पश्चिमेला क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा दिसतो. ती पृथ्वीची सावली. तिच्या वर गुलाबी पट्टा असतो. सूर्य क्षितिजाखाली असतानाच त्याचा तांबूस उजेड समोरच्या हवेवर पडतो, त्याचा तो रंग. चंद्र त्या गुलाबी पट्ट्यातून खाली उतरून करड्या सावलीत शिरतो. त्या मिनिटांत चंद्राचा उजेड आणि जमिनीवरचा उजेड इतके जवळ येतात की एकाच क्लिकमध्ये चंद्रावरचे डागही येतात आणि वाळूचा पोतही. आधी गेलात तर जमीन काळी, उशीर झाला तर चंद्र फिकट. थंडीत हा चंद्र वायव्येकडे कलून मावळतो, उन्हाळ्यात नैऋत्येकडे. कारण सूर्य स्वतः वर्षभरात ऐन पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकत असतो. म्हणून किल्ल्याच्या बुरुजामागे चंद्र हवा असेल तर दर महिन्याला वाळूवरची उभं राहायची जागा बदलते.

दर्यावरून चालत येणारं ऊन

पंचांगातला सूर्योदय आणि किनाऱ्यावरचा सूर्योदय यांत कोकणात अंतर असतं. पंचांग मोकळं क्षितिज धरतं. हर्णैसारख्या गावामागे डोंगर आहे. सूर्याला एक अंश चढायला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे मागचा डोंगर तीन अंशांचा आडोसा करत असेल तर वाळूवर ऊन यायला बारा-तेरा मिनिटं उशीर. पण ही सावली सगळीकडून एकदम उठत नाही. डोंगरापासून जितकं दूर, तितकं ऊन आधी. म्हणून सूर्य जमिनीकडून उगवतो तरी ऊन पहिल्यांदा पडतं ते समुद्रात लांब असलेल्या होडीच्या डोलकाठीवर. मग सुवर्णदुर्गाच्या तटाच्या माथ्यावर. मग तटाच्या अंगावरून खाली, मग पाण्यावर. आणि तिथून उन्हाची कड लाटांवरून किनाऱ्याकडे येत राहते. सगळ्यांत शेवटी ती वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी पोचते.

माझ्याबरोबर आलेला एक तरुण फोटोग्राफर एकदा पंचांगातल्या वेळेला पूर्वेकडे कॅमेरा लावून बसला होता. मी त्याला वळवलं आणि किल्ल्याकडे बघायला सांगितलं. वाळूवर अजून निळी सावली होती. गावात दिवे होते. आणि समोर जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा तो तट वरून खाली उजळत होता. खालचा समुद्र सावलीत, वरचा दगड उन्हात. त्याने जे फोटो काढले त्यांत सूर्य कुठेच नव्हता, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने ते पहाटेचे आहेत हे लगेच ओळखलं.

जलदुर्गांच्या बाबतीत या उजेडाला आणखी मोल आहे. यातल्या बऱ्याच किल्ल्यांचा मुख्य दरवाजा किनाऱ्याच्या बाजूला आहे, तोही बुरुजांच्या वळणात असा दडवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत कळू नये. जंजिऱ्याचा दरवाजा राजपुरीकडे बघतो. सुवर्णदुर्गाचाही पूर्वेला आहे. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला तट दिसावा, दरवाजा दिसू नये, ही त्यामागची अक्कल. फोटोग्राफरसाठी त्याचा अर्थ असा, की या दरवाजांवर समोरून ऊन पडतं ते सकाळीच. दुपारनंतर ते सावलीत जातात आणि त्यांच्यावरचं कोरीवकाम सपाट दिसायला लागतं. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. तेव्हापासून या किल्ल्यांच्या फोटोंना मागणी वाढली आहे. गोपाळ बोधे यांनी हवेतून टिपलेल्या किनाऱ्याच्या आणि जलदुर्गांच्या फोटोंनी आपल्याला या किल्ल्यांचे आकार दाखवले. पाण्याच्या पातळीवरून काम करणाऱ्याने निदान त्यांचे दरवाजे त्यांच्या खऱ्या उजेडात दाखवावेत, असं मला वाटतं.

हर्णैच्या त्या पहाटेत बैलगाड्या असतात. बंदरात होड्या थोड्या आत नांगरलेल्या आणि त्यांच्यापर्यंत पाण्यातून जाणाऱ्या बैलगाड्या, बर्फ आणि सामान नेणाऱ्या, मासळी घेऊन परतणाऱ्या. बैल छातीभर पाण्यात उभे असतात. उन्हाची कड लाटांवरून येते आणि आधी बैलांची शिंगं उजळतात. एका गाडीवानाला मी विचारलं होतं, बैल लाटेला बुजत नाहीत का? तो म्हणाला, "लाटेला नाही बुजत, माणसाला बुजतात. तुम्ही समोर नका येऊ, चाकाच्या मागं उभे राहा." चाकामागून घेतलेला तो कोन मला स्वतःहून सुचला नसता. गाडीचं चाक, त्यावरून निथळणारं पाणी, पुढे बैलांच्या पाठी, त्यापुढे होड्या आणि सगळ्यांच्या पलीकडे उजळलेला तट.

सावलीचा बंदोबस्त

सूर्य पाठीशी असला की एक अडचण ठरलेली. आपली स्वतःची सावली चित्रात शिरते. सूर्य दोन अंश वर असताना साडेपाच फुटी माणसाची सावली जवळपास पन्नास मीटर लांब पडते. पाच अंशांवर ती वीस मीटरच्या आत येते, पण तोवर उजेडाचा मऊपणा गेलेला असतो. आणि ती सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे जिथे चंद्र आणि गुलाबी पट्टा असतो तिकडेच बोट दाखवते.

यावरचा उपाय किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात आहे. सुरूची झाडं उंच आणि विरळ. त्यांच्या सावल्या वाळूवर लांब पट्ट्यांनी पडतात. त्यांतल्या एका बुंध्याच्या सावलीत उभं राहायचं. आपली सावली झाडाच्या सावलीत मिसळते आणि चित्रात राहतं ते झाड. सुरू नसतील तर वाळूवर ओढून ठेवलेली होडी, जाळ्यांचा ढीग, मासळी सुकवायच्या बांबूच्या वलांडी, जे उभं असेल त्याचा आडोसा घ्यायचा.

सूर्याकडे पाठ असण्याचे फायदेही सांगायला हवेत. उगवत्या सूर्याकडे कॅमेरा धरला की आकाश भगभगतं आणि जमीन काळवंडते. मग ते सांभाळायला वरून गडद आणि खालून पारदर्शक असे फिल्टर लावा, नाहीतर दोन-तीन फोटो जोडा. पश्चिमेकडे बघताना आकाश, पाणी आणि वाळू यांच्यातला फरक एवढा कमी असतो की साध्या कॅमेऱ्यालाही, अगदी मोबाइललाही, सगळं पेलतं. मात्र पोलरायझर तिकडे फारसं काम करत नाही. सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर त्याचा जोर चालतो, म्हणून किनाऱ्याच्या रेषेत उत्तरेला किंवा दक्षिणेला बघत असाल तरच तो लावावा.

ट्रायपॉडचं तंत्रही वाळूवर वेगळं. परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड हळूहळू खाली बसतो. म्हणून पाय दाबून रोवायचे, दोन-तीन लाटा त्यांच्यावरून जाऊ द्यायच्या, ते बसले की मगच चौकट ठरवायची. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवावं. तीस सेकंद ठेवलं तर पाण्याचं धुकं होतं. कुरव उडत असतील, आणि थंडीत ते मोठ्या संख्येने येतात, तर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जावं लागतं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेला तर दमट हवेने काचेवर बाष्प धरतं आणि नेमकी गुलाबी पट्ट्याची मिनिटं ते पुसण्यात जातात. बॅग रात्री पडवीत ठेवावी, म्हणजे काच पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेला येते. परतल्यावर ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्याने धुवावेत. हे शहाणपण मला एका खलाशाकडून मिळालं. तो होडीच्या इंजिनाचे भाग धूत होता आणि त्याने न विचारता माझ्या ट्रायपॉडवरही तांब्या ओतला.

आधी रशी धरा

मालवणच्या चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. होडीने समुद्रात मोठं अर्धवर्तुळ घेत जाळं सोडलेलं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे रांगेने उभी असलेली माणसं. मागच्या माडबनातून ऊन अजून वाळूवर उतरलं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तोच रांगेतल्या एका आजोबांची हाक आली, "ओ भाऊ, फोटो मगे काढा, आधी रशी धरा!"

मी कॅमेरा वाळूवरच्या टोपलीत ठेवला आणि रशी धरली. ओढताना जे कळतं ते बाजूला उभं राहून दिसत नाही. रांग एका लयीत मागे झुकते, लाट परतताना थांबते आणि लाट येताना ओढते. येणारी लाट जाळं स्वतःहून किनाऱ्याकडे ढकलते, त्या वेळी जोर लावला तर तो वाया जात नाही. शेवटचा माणूस मागे पोचला की रशी सोडून पाण्याजवळ पुढे येतो, आणि रांग अशी फिरत राहते. ओढून झाल्यावर जाळ्यात बांगडे आणि पेडवे होते. हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा, म्हणून माझ्यापुढेही मासळी ठेवली गेली.

पुढच्या खेपेला फोटो काढले तेव्हा मला माहीत होतं की बटण कधी दाबायचं: लाट परतायच्या आधीच्या क्षणी, जेव्हा सगळ्यांची पाठ एका कोनात झुकलेली असते आणि रशी ताठ असते. ऊन त्या वेळी जाळ्यापर्यंत आलेलं, माणसं मात्र अजून सावलीत. दोन उजेडांतून गेलेली ती एक रशी हाच त्या फोटोचा विषय झाला. आजोबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहिला आणि म्हणाले, "आता बरोबर ओढतांहत."

वेळासची पहाट

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाच्या साथीने उभं केलं. घरटी हिवाळ्यात होतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडली जातात. त्या पहाटे किनाऱ्यावर माणसं दोरीच्या मागे उभी असतात. नियम साधे आहेत: फ्लॅश नाही, दोरी ओलांडायची नाही, पिल्लांच्या वाटेत पाऊल नाही, हात लावायचा नाही.

एकदा एका पाहुण्याने कासवमित्राला विनंती केली, की पिल्लं जरा उन्हात सोडता येतील का, फोटो चांगले येतील. कासवमित्र शांतपणे म्हणाला, "ऊन चढलं की वाळू तापते आणि पक्षी येतात. पिल्लांची वेळ हीच." त्याने पिल्लांची टोपली ठेवली तेव्हा किनारा डोंगराच्या सावलीत होता. पिल्लं समुद्राच्या उजळ बाजूकडे चालू लागली. रात्रीच्या अंधारातही त्यांना वाट दाखवतो तो समुद्रावरचा हाच उजेड, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांची दिशा चुकवतात.

मी दोरीमागे वाळूवर पालथा पडलो होतो. कॅमेऱ्याची नजर पिल्लाच्या नजरेएवढी खाली आणली की पावलाचा ठसाही खड्डा दिसतो आणि लाटेची कड भिंतीएवढी. सावलीतल्या मऊ उजेडात ओल्या कवचाचा प्रत्येक खवला उमटला. भर उन्हात तो उमटला नसता, चकाकून गेला असता. कासवांची गरज म्हणून ठरलेली वेळ फोटोसाठीही उत्तम निघाली. निसर्गाचं काम करणारी माणसं वेळ ठरवतात तेव्हा फोटोग्राफरने ती मुकाट्याने पाळावी, हा धडा त्या सकाळी पक्का झाला.

पिवळी शाई

फोटोचा प्रवास छापखान्यात संपतो. तिथल्या एका ज्येष्ठ मशीनचालकांनी एका अंकाच्या मुखपृष्ठाची पहिली प्रत हातात घेतली आणि विचारलं, "आकाश सकाळचं की संध्याकाळचं?" पश्चिमेचं पहाटेचं आकाश आहे म्हटल्यावर त्यांनी पिवळी शाई कमी केली. संध्याकाळी दिवसभराच्या धुळीने आकाश केशरी होतं, तिथे पिवळा लागतो. पहाटेच्या गुलाबीत किरमिजी आणि निळा असतो. त्यात थोडा जरी पिवळा चढला तरी तो गुलाबी मातकट होतो आणि पहाट संध्याकाळ होऊन जाते. दुसरी प्रत निघाली तेव्हा पृथ्वीच्या सावलीचा करडा पट्टा आणि वरचा गुलाबी पट्टा वेगवेगळे उभे राहिले. ज्या माणसाने त्या किनाऱ्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्याने तिथली पहाट वाचवली.

पाण्यातून उगवणारा सूर्य

पाण्यातून वर येणारा सूर्य ज्यांना हवाच आहे त्यांना मी तीन जागा सांगतो. एक मुंबई. शहराची पूर्व बाजू बंदराकडे बघते, त्यामुळे १९२४ साली पूर्ण झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सूर्य बंदराच्या पाण्यापलीकडून येतो. दुसरी अलिबाग. खोल सुकतीच्या पहाटे कुलाबा किल्ल्याच्या बाजूला चालत जाऊन मागे वळलं, की ओल्या वाळूच्या पलीकडे गाव आणि गावामागून सूर्य दिसतो. मात्र पाणी चढायच्या आत परतायचं, आणि किती वाजेपर्यंत ते स्थानिकांना विचारूनच पुढे जायचं. तिसरी देवबाग. तिथे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे गावाची चिंचोळी पट्टी. सकाळी नदीपलीकडच्या माडांमागून सूर्य येतो आणि त्याचा रस्ता नदीच्या पाण्यावर पडतो. संध्याकाळी तोच सूर्य गावाच्या दुसऱ्या अंगणात समुद्रात जातो.

फोटोखालची ओळ

हर्णैच्या मासळीच्या लिलावात बसणाऱ्या एका मावशींनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "काढलास तर घरी आणून दे." तेव्हापासून छापील प्रत घेऊन परत जाणं हा माझ्या कामाचा भाग झाला. प्रत दिली की माणसं ती बारकाईने बघतात आणि बोलू लागतात. ही होडी आता विकली. हा खडक पूर्वी एवढा उघडा नव्हता. ही सुरूची रांग दोन पावसाळ्यांत गेली. इथे आता धूपप्रतिबंधक बंधारा झालाय, तिथे जेट्टीचं काम चाललंय. आपण सुंदर पहाट म्हणून जे टिपलं ते त्यांच्यासाठी नोंदवही असते, आणि त्या नोंदवहीत काय सुटलं हेही तेच सांगतात.

बंधारे आणि जेट्ट्या लोकांना हव्या आहेत, घरं आणि होड्या वाचवायला हव्याच आहेत. पण किनारा इतक्या वेगाने बदलत असताना 'कोकणातील रम्य पहाट' एवढी ओळ मला पुरेशी वाटत नाही. म्हणून माझ्या फोटोखाली आता गावाचं नाव, तारीख आणि घड्याळाची वेळ यांच्या जोडीला तिथी असते, पाणी चढतं होतं की उतरतं ते असतं, वारा मतलई होता की खारा ते असतं, आणि नेमकं कुठल्या खडकाशेजारी किंवा कुठल्या देवळासमोर उभा होतो तेही असतं. ज्यांनी ती वेळ सांगितली त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नावही. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने एवढी ओळ लिहावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. पन्नास वर्षांनी कुणी त्याच महिन्यात, त्याच तिथीला, त्याच जागी उभं राहिलं, तर वाळू किती गेली, पाणी किती पुढे आलं आणि तटावरचं ऊन कुठून कुठे सरकलं, हे त्याला आपल्या फोटोवरून मोजता आलं पाहिजे.